धरलाय

काल मी तुझ्या ट्रायआउटला जाऊन आले, मिलिंद. तुझा तर आता प्रश्नच नव्हता. म्हटलं, आपणच जाऊन यावं.

फुटबॉल टीमवाल्यांचा निवड चाचणीचा मेल तुझ्या फोनवर आला होता. शनिवारी सकाळी या, बूट आणा, पाणी आणा, वेळेवर या. ‘वेळेवर’च्या पुढे दोन उद्गारचिन्हं. स्वतःच्या लग्नाला उशिरा उगवलेला माणूस तू, तोही सगळ्या वऱ्हाडाला घेऊन, आणि हे तुला वेळेवर या सांगतायत! मी ओट्याशी उभी राहून हसले आणि मग ते हसणं कुठल्या कुठे गेलं. तुझा फोन मी अजून चार्जिंगला लावते. मैत्री म्हणते, “आई, दॅट्स क्रीपी.” असेल. माझ्याच्याने तो बंद करवत नाही.

गजभिये काकांनी मला एक काम दिलंय. मंडळाच्या अंकात तुझ्यावर दोन पानं हवी आहेत. जन्म, शिक्षण, नोकरी, सामाजिक कार्य, आणि शेवटी ‘पश्चात पत्नी व एक मुलगी’. मी लिहायला बसले आणि त्या ‘पश्चात’पाशी येऊन अडकले. म्हणजे मी आता पश्चात. छान आहे! तुझा जन्म नि शिक्षण काकांना माझ्याइतकंच माहीत आहे, ते लिहितील. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि बरंचसं भांडायचं राहिलंय. काकांना छापायचं तर छापू देत.

तुझं ते खूळ सुरू झालं तो दिवस आठवतो? इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या तुझ्या ऑफिसात सगळे मॅच बघत बसले होते आणि कुणा किकरची अगदी जवळची किक हुकली. तू बोलून गेलास, “एवढं तर मी बी मारतो.” झालं! दुसऱ्या दिवशी लंचमध्ये त्या पोरांनी तुला मागच्या शाळेच्या मैदानावर उभं केलं. ऑफिसचे काळे बूट, गळ्यात आयडी कार्ड. संध्याकाळी तू घरात शिरलास तो बुटांसकट, तडक स्वयंपाकघरात.

“सुजा, गेला ना तो!”

“काय गेलं?” माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मला वाटलं, नोकरी गेली. आपल्याकडे गेलं म्हटलं की आधी नोकरी आणि मग व्हिसाच डोळ्यांपुढे येतो.

“बॉल गेला, बॉल! मधातून गेला!”

इथल्या फुटबॉलला तू कधी फुटबॉल मानलंच नाहीस. लांबुळका बॉल हातात घेऊन पळायचं आणि एकमेकांच्या अंगावर पडायचं, याला फुटबॉल कोण म्हणेल, असं तू दहा जणांना ऐकवलं असशील. पण त्या दिवशी तुला शोध लागला की यांच्या अख्ख्या टीममध्ये पायाने खेळणारा एक माणूस असतो. बाकीचे धडपडून दमले की तो आत येतो, जमिनीवर धरलेल्या बॉलला एक लाथ घालतो, दोन खांबांच्या मधून तो पार करतो आणि परत बाकावर जाऊन बसतो. “म्हणजे खरा फुटबॉलवाला तो एकटाच,” तू म्हणालास. “बाकीचे काऊन आहेत मग?”

पोट सुटायला लागलेलं, गुडघा पावसाळी हवेत कुरकुरणारा, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा माणूस. मला वाटलं, महिनाभरात उतरेल. पण तू तर प्रोफेशनल टीमना लिहायला लागलास. इथे त्या टीममध्ये येणारी पोरं सगळी कॉलेजात खेळून आलेली असतात. त्यांचे व्हिडिओ असतात, त्यांच्यावर माणसं नजर ठेवून असतात. कॉलेजात न खेळलेल्या माणसाचं नाव त्या यादीत येतच नाही. बहुतेकांची उत्तरंच आली नाहीत. एकाने एका ओळीत कळवलं की कॉलेजच्या खेळाचा व्हिडिओ नसेल तर विचार करता येत नाही. मग तुला ती छोटी टीम सापडली. छताखाली खेळणारी, पण पगारी खेळाडूंची. त्यांचा ट्रायआउट सगळ्यांना खुला होता. कुणीही यावं, तीन किक माराव्यात, ते बघणार.

“मिलिंद, ते तुला घेणार नाहीत.”

“माहीत आहे ना मले.”

“मग कशाला जातोस?”

तेव्हा तू भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणालास, “नका घेऊ म्हणा. पण एकदा बघा. बघून नाही म्हणा. न बघता नाही म्हणणारे खूप झाले.”

मला कळलं होतं तू कुठलं बोलतोयस. शाळेत असताना तिकडे इंदोऱ्याच्या मैदानावर तू उजव्या पायाने मारलेले गोल तुझे मित्र अजून सांगतात. जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या दिवशी तू क्लासला गेलास. तुझ्या बाबांनी नाही म्हटलं नव्हतं, तू विचारलंच नव्हतंस. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी इंजिनिअर व्हायला निघालंय, तिथे ‘खेळायला जाऊ का’ असं विचारायचं नसतं, हे तुला न सांगता कळत होतं. येरवड्याला आमच्या घरात मलाही कळत होतं. म्हणून मी तुला वेडा म्हणत राहिले, पण थांबवलं नाही.

आणि मग होल्डर. किकरला होल्डर लागतो. एका गुडघ्यावर बसून बॉल टोकावर उभा धरायचा, वरून एक बोट टेकवायचं, बस. त्यासाठी लोखंडी स्टँड मिळतो हे मला फार पुढे कळलं, तोपर्यंत तू ही माहिती सोयीस्कर दडवून ठेवली होतीस. मैत्रीला विचारलंस तर ती म्हणाली, “नो वे, बाबा.” मग उरलं कोण? मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या नळ्या धरते आणि रविवारी तुझा बॉल धरायला लागले.

पहिल्या दिवशी काय घाबरले होते मी! तू असा दणदण धावत यायचास की मी बोट काढून घ्यायचे, बॉल आडवा व्हायचा आणि तू हवेत लाथ मारून चिखलात बसायचास. तिसऱ्यांदा बसलास तेव्हा तू मागे गेलास आणि तिथून ओरडलास, “धरला का?”

माझ्या तोंडून आपोआप गेलं, “धरलाय.”

तो शब्द बॉलसाठी नव्हताच मुळी. तो सोफ्याचा होता. आपल्या पहिल्या अपार्टमेंटला लिफ्ट नव्हती आणि कुणीतरी दिलेला तो अगडबंब सोफा आपण दोघांनी जिन्यातून वर नेला. तू खाली, मी वर. प्रत्येक वळणावर तू विचारायचास, “धरला का?” आणि मी ‘धरलाय’ म्हटल्याशिवाय पुढची पायरी चढायचा नाहीस. तेव्हापासून आपल्या घरात कुठलीही जड, गरम किंवा निसटणारी वस्तू त्याशिवाय हातातून हातात गेली नाही. कुकर, शिडी, गुलाबजामचं भरलेलं पातेलं. आंघोळ घातलेली ओली मैत्री तू टॉवेलात माझ्याकडे द्यायचास तेव्हाही, “धरली का?” “धरलीय.” लोक आपल्या नवऱ्याला, बायकोला काय काय लाडाचं म्हणतात. आपलं एवढंच होतं.

मग ते रविवार. तू मागे जायचास, बाजूला सरकायचास, मान खाली घालायचास. मी बॉल उभा करायचे, त्याची शिवण खांबांकडे वळवायचे, कारण शिवणीवर पाय लागला की बॉल भरकटतो हे तू मला शिकवलं होतंस. बोट टेकवायचे आणि म्हणायचे, धरलाय. त्यातला ‘य’ संपायच्या आत तुझे पाय सुटलेले असायचे. नंतर आपण तसेच डेव्हनच्या देशी बाजारात जायचो, कोथिंबीर नि आंबाडी घ्यायला. तू बसच्या थांब्यावर गाडी लावायचास, मागून हॉर्न, मी चिडलेली, माझ्या एका गुडघ्यावर चिखलाचं गोल वर्तुळ. मिठाईवाल्याने एकदा विचारलं, “मॅडम, गिर गयीं क्या?” तू छाती फुगवून सांगितलंस, “नहीं भैया, मॅडम प्लेअर है.” त्याने मला एक पेढा जास्त दिला. मी तो तुला दिला नाही.

पहिल्या ट्रायआउटला घरच्यांना आत सोडत नव्हते. मी पार्किंगमध्ये थर्मास घेऊन बसले. तू बाहेर आलास ते चालण्यावरूनच मला कळलं, काहीतरी बिनसलंय. चहाचे दोन घोट घेतल्यावर सांगायला लागलास.

सगळी पोरं विशी-बाविशीची. तुला सगळे ‘सर’ म्हणत होते. एकाने तर विचारलं, तुम्ही कुणाचे वडील? तुझा नंबर आला. दंडभर गोंदवलेला एक पोरगा होल्डर म्हणून बसला, त्याने बॉल व्यवस्थित उभा केला, बोट ठेवलं आणि मान खाली घातली. तू मागे गेलास, सरकलास, उभा राहिलास.

आणि उभाच राहिलास!

“काऊन?” मी विचारलं. तुझाच शब्द तुला.

“तू बोलायची वाट बघून राहिलो होतो ना मी.”

कोच म्हणाला, “एनी टाइम, सर.” त्या पोराने मान वर करून तुझ्याकडे बघितलं. तू त्याच्याकडे बघितलंस. तुझे पाय उठेनात. मग शिट्टी वाजली आणि तुझी ती किक बाद झाली. तीनमधली एक न मारताच गेली. दुसरी खांबांच्या बरोबर मधून. तिसरी खांबाला लागून परत.

मी हसले, मिलिंद. गाडीत पोट धरधरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अमेरिकेतल्या प्रोफेशनल ट्रायआउटमध्ये एक माणूस कुणीतरी ‘धरलाय’ म्हणेल म्हणून ताटकळत उभा राहतो! तूही हसलास, पण अर्धाच. मग खिडकीबाहेर बघत म्हणालास, “त्यांनी मले अर्धंच पाहिलं, सुजा.” माझं हसू तिथे संपलं.

त्यावरचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेव. तू म्हणायचास, चूक त्या पोराची. बॉल धरून गप्प बसतं का कोणी? माणसाने माणसाला सांगायला नको? मी म्हणायचे, जग असंच गप्प बसलेलं असतं, तुझे पाय माझ्या तोंडाला बांधलेत ते आधी सोडव. “काऊन सोडवू?” तू म्हणायचास. “एवढं बांधलेलं बरं आहे ना.” मग म्हणालास, पुढच्या वर्षी तू दाराशी उभी राहून ओरड. मग म्हणालास, फोनवर रेकॉर्ड करून दे. मी म्हटलं, येडा आहेस का यार, कानात बायको घालून कोण लाथ मारतं? तू मला पुणेरी म्हणालास. मी तुला काय म्हणाले ते अंकात छापता येणार नाही.

शेवटी मीच हट्ट धरला आणि उन्हाळ्यात आपण न बोलता सराव सुरू केला. मी बॉल उभा करायचे, बोट टेकवायचे आणि ओठ घट्ट मिटून बसायचे. सुरुवातीला तू उगाच अडखळायचास, एक पाऊल टाकून थांबायचास, माझ्या तोंडाकडे बघायचास. हळूहळू माझ्या बोटाकडे बघायला शिकलास. पानं पिवळी पडायच्या सुमाराला तुला माझ्या आवाजाची गरज उरली नव्हती. मी जिंकले होते. आणि खरं सांगते, मला ते अजिबात आवडलं नव्हतं. चिखलात बसून तुझ्या पायांचा आवाज जवळ येताना ऐकायचा, आणि आपण काहीच म्हणायचं नाही. घरी आल्यावर मी दोन-दोन तास जास्तीची बडबड करायचे, तुला आठवत असेल.

शेवटचा रविवार नोव्हेंबरातला. जमीन अर्धी गोठलेली, माझं नाक वाहतंय, बोट बधिर. तू एकामागून एक अशा किक मारल्यास की लांबून कुत्रं फिरवणारा माणूस थांबून बघायला लागला. एकही चुकली नाही. मी म्हटलं, शेवटची, बस. बॉल उभा केला. तू मागे गेलास. आणि येईचनास.

मी मान वर केली. तू कमरेवर हात ठेवून दात काढत उभा.

“एकदा म्हण ना.”

“मार, नाहीतर मी चालले घरी.”

“एकदाच ना बापा.”

“मिलिंद, मी बोट काढीन हं!”

तू हसत हसत धावलास आणि मारलास. इतका उंच मी तुझा बॉल कधी बघितला नव्हता. आणायलाही तूच गेलास, पोरासारखा पळत. आणि मी गाडीत जाऊन हीटर लावला.

मला त्याचं अपराधी वगैरे वाटत नाही, आधीच सांगते. थंडी होती, आणि मार्च पुढे होता. मार्चमध्ये ट्रायआउट झाल्यावर पार्किंगमध्ये मी हवा तेवढा वेळ म्हणणार होते. फक्त तो शब्द माझ्याकडे राहिलाय, मिलिंद. बाकी सगळं आपण एकमेकांना म्हणून झालं होतं, नको ते सुद्धा. हा एक तोंडात राहिलाय.

मग जानेवारीत एका सकाळी तू घरासमोरचा बर्फ काढायला गेलास आणि आत आला नाहीस. ते मला याहून जास्त लिहायचं नाही. पण एक तुला सांगितलं पाहिजे. इमर्जन्सीत त्यांनी मला तुझ्याजवळ बसू दिलं, सगळं संपल्यावर. चादरीतून तुझा उजवा पाय बाहेर आला होता. रात्री पांघरुणातून तो तसाच बाहेर यायचा आणि माझ्या पोटरीला लागायचा, गरम. मी तो दोन्ही हातांनी धरला. शब्द अगदी ओठांवर आला होता. नाही म्हटला. भीती वाटली. म्हटला आणि तरी तू उठला नाहीस, तर?

तुला निरोप द्यायला किती माणसं आली होती! मिलवॉकीहून आले, इंडियानाहून आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत. गजभिये काकांनी वंदना घेतली. त्यांचा तो खणखणीत आवाज, मधेच फुटला आणि मग सगळ्यांनी मिळून वंदना पुढे नेली. नंतर काका माझ्याजवळ बसून म्हणाले, “सुजाता, सगळं अनित्य आहे, बाळ.” मी म्हटलं, “माहीत आहे काका. पण मला फार थंडी वाजतेय.” त्यांनी स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर घातला. अजून इथेच आहे, परत द्यायचाय.

एक मावशी मात्र बोलल्याच. “या वयात ती फुटबॉलची धावपळ नको होती करायला.” दोन बायकांनी मानाही डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “मावशी, तो बॉलला लाथ मारताना गेला नाही. दारातला बर्फ काढताना गेला. बर्फ तर तुमच्या घरी काकाही काढतात.” मैत्रीने माझा हात दाबला. तू असतास तर म्हणाला असतास, काऊन चिडते एवढी. चिडणार! तुझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट लोक तुझ्या मरणाच्या खात्यावर टाकत होते.

पंधरा-वीस दिवस घरात डबे येत होते. मग थांबले, थांबणारच. लोकांना नोकऱ्या आहेत. आता घर इतकं गप्प असतं की फ्रिज बंद पडून पुन्हा सुरू होतो तेसुद्धा ऐकू येतं. मागच्या आठवड्यात मैत्रीला तिच्या खोलीतलं टेबल खिडकीखाली हलवायचं होतं. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. मी उचलेना. तिने विचारलं, “व्हॉट?” मी म्हटलं, “काही नाही, धरलंस का सांग.” ती म्हणाली, “गॉट इट, आई.” अर्थ तोच आहे, पोर बिचारी बरोबरच बोलली. टेबल आम्ही हलवलं. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

आणि मग तो मेल.

आधी वाटलं, उत्तर लिहून टाकावं, येऊ शकत नाही म्हणून. काय लिहिणार होते? शनिवारी मैत्री मैत्रिणीकडे गेली होती. मी चहा केला, थर्मासमध्ये भरला, का ते विचारू नकोस, आणि गाडी काढली. पार्किंगमध्ये गेल्या वेळी जिथे थांबले होते तिथेच लावली. बराच वेळ बसले. मग उतरले. या वेळी दारावर मला कुणी अडवलं नाही.

टेबलाशी एक मुलगी नावं टिपत होती. मी तुझं नाव सांगितलं. तिला ते सापडलं. “इज ही पार्किंग?” तिने हसून विचारलं.

“नो,” मी म्हटलं. “ही पास्ड अवे. आय जस्ट केम…”

ती उठली आणि कोचला घेऊन आली. दांडगा माणूस, टोपी घातलेला, गळ्यात शिट्टी. मला वाटलं, आता गोड बोलून बाहेर काढणार. त्याने टोपी काढली. म्हणाला, आठवतात मला ते. द जेंटलमन हू वेटेड. म्हणाला, इथे येणारं प्रत्येक पोरगं घाईत असतं, बॉल टेकायच्या आत धावत सुटतं. असा शांत उभा राहिलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि त्यांची दुसरी किक, तो म्हणाला, त्या दिवसातली सगळ्यात स्वच्छ किक होती. यंदाच्या नावांत त्यांचं नाव दिसलं तेव्हा बरं वाटलं होतं. म्हणाला, मला त्यांना परत एकदा बघायचं होतं.

ऐकलंस? बघायचं होतं म्हणाला. अर्धं नव्हतं रे बघितलं त्याने. सगळं बघितलं होतं, न मारलेली किकसुद्धा. मी तिथे उभी राहून रडले, परक्या माणसासमोर, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. तुझ्यासाठी इतकं बरं वाटलं, आणि ते सांगायला तूच नव्हतास.

मग त्याने विचारलं, “इफ यू डोन्ट माइंड, मॅम. व्हॉट वॉज ही वेटिंग फॉर?”

“फॉर मी,” मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मग मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. की मी त्याची होल्डर होते. की आमच्यात एक शब्द होता, तो म्हटल्याशिवाय त्याचे पाय हलत नसत. की मग मी त्याला त्या शब्दाशिवाय मारायला शिकवलं, आणि तो शिकला होता, यंदा तो कुणासाठी थांबला नसता.

“व्हॉट वॉज द वर्ड?”

त्याच्या हातात बॉल होता. मी मागितला. त्याने दिला. हिरव्या मॅटवर, खांबांच्या समोर, तू जिथे उभा राहिला असशील त्याच्या पुढ्यात मी एका गुडघ्यावर बसले. चांगली पँट होती, घाणही झाली नाही. बॉल उभा केला. शिवण खांबांकडे वळवली. बोट टेकवलं. बाजूला पोरं पाय ताणत होती, त्यांचं बोलणं बंद झालेलं ऐकू आलं.

“धरलाय,” मी म्हटलं. तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

मान वर केली नाही. होल्डरने करायची नसते. तशीच बसून राहिले, मिलिंद, बोट ठेवून, बराच वेळ. कोचच्या गळ्यात शिट्टी होती. त्याने ती वाजवली नाही.